रिपोर्टात जनुक लिहिलं, म्हणून आजार घराण्यातला होत नाही

फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा तपासायला जातो. काही दिवसांनी रिपोर्ट येतो आणि त्यात एक ओळ असते: 'ईजीएफआर म्युटेशन पॉझिटिव्ह'. डॉक्टर सांगतात, एका जनुकात बदल सापडलाय, आणि त्यातल्या त्यात ही बरी बातमी आहे, कारण त्यावर गोळी मिळते. घरच्यांच्या डोक्यात मात्र 'जनुक' एवढंच राहतं. मग बाहेर आल्यावर कुजबुज सुरू होते. हे रक्तातून आलंय का? मुलांनाही होणार का? बहिणीचीही तपासणी करून घ्यायला हवी का?

बहुतेक वेळा या तिन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असं असतं. फुप्फुसाचा कॅन्सर जनुकांच्या बिघाडातूनच होतो, आणि तरीही बहुसंख्य रुग्णांमध्ये तो आनुवंशिक नसतो. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी कशी, हे कळायला एकच गोष्ट नीट समजून घ्यावी लागते: बदल कुठल्या पेशीत झाला आणि कधी झाला. रिपोर्ट हातात देताना एवढं सांगायला कुणाला वेळ नसतो, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएची पूर्ण प्रत असते. गुणसूत्रांच्या २३ जोड्या, ए, टी, जी, सी ही डीएनएची रासायनिक अक्षरं मोजली तर एका संचात सुमारे ३ अब्ज, आणि प्रथिनं कशी बनवायची याच्या सूचना असलेली साधारण २० हजार जनुकं. पेशीचं विभाजन होण्याआधी हे सगळं पुन्हा उतरवून काढावं लागतं. हाताने पोथी उतरवणाऱ्याकडून अधूनमधून एखादं अक्षर चुकावं, तसं इथेही होतं. चुका शोधून दुरुस्त करणारी प्रथिनं पाठोपाठ काम करत असतात आणि बहुतेक चुका निस्तरतात. काही मात्र तशाच राहून जातात.

ही चूक आईच्या बीजांडात किंवा वडिलांच्या शुक्राणूत असेल, तर जन्मणाऱ्या बाळाच्या प्रत्येक पेशीत ती उतरते आणि पुढच्या पिढीतही जाऊ शकते. आनुवंशिक आजार होतात ते अशा बदलांमुळे. पण तीच चूक पन्नाशीतल्या माणसाच्या फुप्फुसातल्या एका पेशीत झाली, तर ती त्या पेशीपासून तयार होणाऱ्या पेशींपुरतीच राहते. त्याच माणसाच्या रक्तात, त्वचेत, बीजांडात किंवा शुक्राणूत ती नसते. मुलांना ती मिळणार तरी कुठून?

आनुवंशिक आजारांचा कारभार कसा चालतो ते आधी बघू. सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या एका जनुकातलं फक्त एक अक्षर बदललेलं असतं. तेवढ्याने प्रथिनातला एक घटक बदलतो आणि प्राणवायू कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. डाउन सिंड्रोममध्ये अक्षर बदलत नाही, २१व्या गुणसूत्राची एक अख्खी प्रत जास्त असते. हे १९५९ साली जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. फुप्फुसांशी थेट संबंध असलेलं उदाहरण म्हणजे सिस्टिक फायब्रोसिस. ७व्या गुणसूत्रावरचं त्याचं जनुक १९८९ मध्ये सापडलं. हे जनुक पेशीच्या आवरणातून क्षार ये-जा करू देणारी वाट बनवतं. ती वाट नीट बनली नाही की श्वासनलिकांमधला चिकट स्राव घट्ट होतो, बाहेर पडत नाही, आणि त्यात जंतू मुक्काम ठोकतात. आई आणि वडील दोघांकडेही एकेक बिघडलेली प्रत असेल तर दोघं स्वतः ठणठणीत असतात, पण प्रत्येक बाळंतपणात मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. प्रत्येक बाळंतपणात, हे महत्त्वाचं. पहिल्या मुलाला झाला म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो.

आणखी एक गोष्ट पटकन सांगतो. मूल आनुवंशिक बदल घेऊन जन्मलं म्हणजे आई-वडिलांपैकी कुणाकडे तरी तो असलाच पाहिजे असं नाही. काही वेळा बदल बीज तयार होतानाच पहिल्यांदा घडतो. 'तुमच्याकडून आलं की आमच्याकडून' हा घराघरांतला वाद अशा वेळी दोन्ही बाजूंनी निरर्थक असतो.

सिस्टिक फायब्रोसिसमध्ये एकाच जनुकाचा बिघाड पुरतो आणि तो जन्मापासून असतो. फुप्फुसाच्या कॅन्सरला एवढ्याने भागत नाही. पेशीला वाढायला सांगणारं एखादं जनुक कायमचं चालू व्हावं लागतं, तिला थांबवणारी जनुकं निकामी व्हावी लागतात, दुरुस्तीतून सुटावं लागतं, शरीराच्या प्रतिकारशक्तीची नजर चुकवावी लागते. एकाच पेशीच्या वंशात हे सगळं जमून यायला बहुधा काही दशकं जातात. बहुतेक रुग्ण साठी ओलांडलेले का असतात, याचं उत्तर यातच आहे.

या चुकांचा वेग सर्वांत जास्त कशाने वाढतो, याबद्दल आता शंकेला जागा उरलेली नाही. लंडनच्या रुग्णालयांमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी रुग्णांना त्यांच्या सवयी विचारल्या आणि १९५० साली निष्कर्ष छापले. फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्या ६४९ पुरुषांमध्ये कधीच धूम्रपान न केलेले फक्त २ निघाले. दुसऱ्या आजारांसाठी आलेल्या तितक्याच पुरुषांमध्ये असे २७ होते. गंमत म्हणजे डॉल यांचा मूळ संशय सिगारेटवर नव्हताच, मोटारींच्या धुरावर आणि रस्त्यांच्या डांबरावर होता. आकडे दिसू लागले तसं त्यांनी स्वतःच सिगारेट सोडली. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल आला आणि सिगारेट हे कॅन्सरचं कारण असल्याचं सरकारी पातळीवर मान्य झालं.

पण धूर नेमकं करतो काय? तंबाखूच्या धुरात ७,०००हून अधिक रसायनं असतात, त्यातली सुमारे ७० कॅन्सरकारक म्हणून ओळखली जातात. एकच घेऊ: बेन्झोपायरिन. डांबरातही असतं, अर्धवट जळलेल्या कुठल्याही सेंद्रिय पदार्थात असतं. गंमत अशी की हे रसायन मुळात डीएनएला फारसं काही करत नाही. ते तेलकट असल्यामुळे शरीराबाहेर टाकता येत नाही, म्हणून पेशीतली विकरं (एन्झाइम) त्याला पाण्यात विरघळेल असं रूप द्यायला जातात. या खटपटीत मधल्या टप्प्यावर एक अतिशय क्रियाशील पदार्थ तयार होतो आणि तो डीएनएमधल्या 'जी' या अक्षराला घट्ट चिकटतो. शरीर साफसफाई करायला जातं आणि त्यातून विष तयार होतं. चिकटलेला तुकडा वेळेत काढला गेला तर ठीक. नाहीतर पुढची प्रत काढताना त्या जागी 'जी'ऐवजी 'टी' लिहिलं जातं.

१९९६ साली संशोधकांनी हाच पदार्थ मानवी पेशींवर सोडला आणि तो टीपी५३ नावाच्या जनुकात कुठे चिकटतो ते पाहिलं. डीएनए बिघडलेल्या पेशीला थांबवणं किंवा मरायला लावणं हे या जनुकाचं काम. चिकटण्याच्या मुख्य जागा निघाल्या १५७, २४८ आणि २७३. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसातल्या गाठींमध्ये टीपी५३ नेमकं ज्या जागी वारंवार बिघडलेलं आढळतं, त्याच या जागा. तोवर सिगारेट आणि कॅन्सरचं नातं मुख्यतः मोजणीवर उभं होतं. इथे चोराच्या बोटांचे ठसेच मिळाले. २०१६ मध्ये आणखी मोठ्या प्रमाणावर गाठींचं जनुकवाचन झालं तेव्हा हिशेब निघाला: रोज एक पाकीट याप्रमाणे वर्षभर ओढलं तर फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी १५० नवे बदल जमा होतात. बहुतेक बदल निरुपद्रवी जागी पडतात. पण पेशी कोट्यवधी आणि वर्षं वीस-तीस असतील, तर कुठेतरी एखाद्या पेशीत घातक जागी घाव बसणारच.

इथे हमखास कुणीतरी म्हणतं, 'आमचे आजोबा नव्वदीपर्यंत ओढत होते, त्यांना कुठे काय झालं?' आजोबांचं खरंच असेल. ब्रिटनमध्ये रिचर्ड पीटो आणि डॉल यांच्या चमूने २००० साली मांडलेला हिशेब असा होता की आयुष्यभर ओढत राहिलेल्या पुरुषांपैकी सुमारे १६ टक्क्यांना पंच्याहत्तरीच्या आत फुप्फुसाचा कॅन्सर होतो. म्हणजे ८४ टक्क्यांना होत नाही. न ओढणाऱ्यांमध्ये हाच आकडा एक टक्क्याच्याही आत राहतो. प्रत्येक आजोबा हे त्या ८४ पैकी एक असतात, आणि ज्या १६ जणांना झाला ते गप्पांमध्ये उदाहरण म्हणून बसायला उरलेले नसतात. शिवाय ८४ जणांत हृदयविकाराने आणि दम्यासारख्या जुनाट फुप्फुसविकाराने गेलेलेही आले, त्यांची गणती इथे नाही.

त्या १६ जणांनाच का झाला? थोडा वाटा जन्मजात फरकांचा, थोडा इतर प्रदूषकांचा, आणि बराचसा निव्वळ योगायोगाचा. हे उत्तर कुणाला आवडत नाही हे ठाऊक आहे.

उलट बाजूही आहेच. जगात फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्यांत एक लक्षणीय गट कधीही सिगारेट न ओढलेल्यांचा असतो, आणि त्यात स्त्रियांचं प्रमाण जास्त. अशा रुग्णाला भेटायला आलेला प्रत्येक जण पहिल्यांदा 'ओढायचात का?' असं विचारतो. या प्रश्नात नकळत निवाडा असतो. ओढत नव्हतो म्हटलं की अविश्वास, ओढत होतो म्हटलं की 'मग काय'. दोन्ही वेळा आजारी माणसाच्या पदरात काही पडत नाही, तेव्हा हा प्रश्न डॉक्टरांवर सोडावा.

न ओढणाऱ्यांमधली काही कारणं पक्की माहीत आहेत. रेडॉन हा जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा किरणोत्सारी वायू. ना रंग, ना वास. बंद घरात आणि तळघरात साचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार देशागणिक ३ ते १४ टक्के फुप्फुसाचे कॅन्सर त्याच्यामुळे होतात. जर्मनीतल्या श्नेबर्गच्या खाणकामगारांना होणारा आजार फुप्फुसातली गाठच आहे हे १८७९ सालीच नोंदलं गेलं होतं; रेडॉनचा शोध तेव्हा लागायचा होता. दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर रोज घरात घेणाऱ्यांची जोखीम २० ते ३० टक्क्यांनी वाढते. आणि ॲस्बेस्टॉस. त्याचं गणित पाहण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या कामगारांवरच्या १९७९च्या अभ्यासात फक्त ॲस्बेस्टॉसमुळे जोखीम साधारण पाचपट झाली, फक्त सिगारेटमुळे सुमारे अकरापट, आणि दोन्ही एकत्र आल्यावर पन्नासपटीच्या वर गेली. जोखमीची इथे बेरीज झाली नाही, गुणाकार झाला.

बाहेरच्या हवेतलं प्रदूषण २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कॅन्सरकारक म्हणून जाहीर केलं. तरी एक कोडं उरलं होतं. न ओढणाऱ्यांच्या गाठींमध्ये धुराच्या ठशांसारखे, प्रदूषणाने केलेले म्हणून ओळखता येतील असे बदल फारसे सापडत नव्हते. मग हवा करते काय? २०२३ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या चार्ल्स स्वॉन्टन यांच्या चमूने दिलेलं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सर्वांत विचार करायला लावणारं वाटतं. त्यांनी कॅन्सर नसलेल्या फुप्फुसांच्या ऊतींचे नमुने फार बारकाईने वाचले. १८ टक्के नमुन्यांत ईजीएफआरचे आणि ५३ टक्के नमुन्यांत केरास नावाच्या जनुकाचे तेच बदल मिळाले, जे गाठींमध्ये मिळतात. वय वाढतं तसे हे बदल आपोआप, नुसत्या प्रत काढण्याच्या चुकांमधून होतात, आणि अशा पेशी वर्षानुवर्षं काही न करता पडून राहू शकतात. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की हवेतले अतिसूक्ष्म कण फुप्फुसात शिरले की तिथल्या भक्षक पेशी दाह वाढवणारा इंटरल्यूकिन-१ बीटा हा संदेश सोडतात, आणि त्या दाहात या निपचित पेशी वाढायला लागतात. तो संदेश रोखला की गाठी कमी झाल्या.

म्हणजे प्रदूषण स्वतः डीएनए मोडत नसूनही कॅन्सर घडवू शकतं. कॅन्सर दोन पायऱ्यांत होतो, आधी बदल आणि मग चिथावणी, ही कल्पना आयझॅक बेरेनब्लम यांनी १९४०च्या दशकात उंदरांच्या त्वचेवरच्या प्रयोगांतून मांडली होती. मधली कित्येक वर्षं सगळ्यांचं लक्ष म्युटेशनवर राहिलं आणि ती जरा मागे पडली. आता ती परत आली आहे.

आता घराण्याच्या प्रश्नाकडे. आनुवंशिकतेचा वाटा शून्य आहे असं मी म्हटलेलं नाही. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला फुप्फुसाचा कॅन्सर झाला असेल तर आपली जोखीम साधारण दीडपट होते. मात्र एका घरात जनुकांबरोबर धूरही वाटून घेतलेला असतो, तळघरातला रेडॉनही, आणि सिगारेट ओढण्याची सवयही. १५व्या गुणसूत्रावरचा एक भाग २००८ मध्ये एकाच सुमारास तीन गटांनी शोधला. तिथल्या एका बदलाने फुप्फुसाच्या कॅन्सरची जोखीम वाढते असं दिसलं. तिथली जनुकं कसली, तर मेंदूत निकोटिन जिथे बसतं ते ग्राहक (रिसेप्टर) बनवणारी. हा बदल असलेली माणसं अधिक ओढतात आणि त्यांना सोडणं जड जातं. न ओढणाऱ्यांमध्ये या बदलाचा परिणाम जवळजवळ दिसतच नाही. वारशाने मिळाली ती तलफ जास्त, आणि कॅन्सर आला तो बराचसा तिच्यामागून.

खरोखर एका जनुकामुळे जोखीम वाढवणारे आजार दुर्मीळ आहेत, पण आहेत. १९६९ मध्ये फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी यांनी अशी कुटुंबं वर्णिली जिथे लहान वयात निरनिराळे कॅन्सर होत होते: हाडांचे, स्तनाचे, मेंदूचे, रक्ताचे. १९९० मध्ये कारण सापडलं. या कुटुंबांत टीपी५३चीच बिघडलेली प्रत जन्मापासून असते. धुराला जे जनुक मोडायला वर्षं लागतात, त्याची एक प्रत इथे आधीच गेलेली असते. लहान मुलांच्या डोळ्यात होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमाचंही असंच. आरबी१ या जनुकाच्या दोन्ही प्रती गेल्याशिवाय गाठ होत नाही आणि ज्यांची एक प्रत जन्मतःच गेलेली असते त्यांना ती लवकर होते, हा तर्क आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये मांडला. आनुवंशिक प्रकारातून वाचलेली ही मुलं मोठी झाल्यावर त्यांच्यात फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाणही जास्त आढळलं. फुप्फुसाच्या 'स्मॉल सेल' प्रकारात टीपी५३ आणि आरबी१ ही दोन्ही जनुकं जवळजवळ नेहमीच निकामी असतात. त्यामुळे अशा व्यक्तीला सिगारेटपासून दूर राहायला सांगताना डॉक्टर एवढे कडक का होतात, ते समजतं.

अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची कमतरता हाही लक्षात ठेवण्यासारखा आनुवंशिक आजार. १९६३ मध्ये स्वीडनमध्ये तो ओळखला गेला. यकृत हे प्रथिन बनवून रक्तात सोडतं, आणि ते फुप्फुसांत पोचून एका विकराला आवर घालतं. हे विकर पांढऱ्या पेशी जंतूंविरुद्ध वापरतात; आवर नसला तर ते फुप्फुसाची स्वतःची नाजूक भिंतच खातं. हा आजार असलेल्याने सिगारेट ओढली तर नुकसान तिहेरी होतं: प्रथिन आधीच कमी, जे आहे ते धूर निष्प्रभ करतो, वर धुरामुळे पांढऱ्या पेशीही जास्त गोळा होतात. चाळिशीतच फुप्फुसाच्या पिशव्या फुटून एम्फिसीमा झालेला दिसला, तर याची रक्ततपासणी व्हायला हवी. हा कॅन्सर नव्हे. पण एम्फिसीमा झालेल्या फुप्फुसात कॅन्सरचीही जोखीम जास्त असते.

मग रिपोर्टातल्या त्या ओळीचं काय? ती आहे उपचारांसाठी. फुप्फुसाच्या कॅन्सरपैकी सुमारे ८५ टक्के 'नॉन-स्मॉल सेल' गटातले, आणि त्यातला ॲडिनोकार्सिनोमा सर्वांत जास्त आढळणारा. याच प्रकारात जनुक-तपासणीचा खरा उपयोग होतो. जेफिटिनिब नावाची गोळी बाजारात आली तेव्हा बहुतेकांना तिचा फायदा होत नव्हता, पण मोजक्या काहींची गाठ काही आठवड्यांत विरघळल्यासारखी कमी व्हायची. का, ते २००४ मध्ये उलगडलं: त्या मोजक्यांच्या गाठीत ईजीएफआर जनुक बदललेलं होतं. रिपोर्टात 'एल८५८आर' असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ ८५८व्या जागी ल्यूसीन हवं होतं तिथे आर्जिनीन आलंय. एवढ्याने ते प्रथिन बाहेरून निरोप न येताच 'वाढा' असा हुकूम देत राहतं. गोळी त्या प्रथिनालाच रोखते. २००७ मध्ये जपानमध्ये हिरोयुकी मानो यांच्या गटाला फुप्फुसाच्या गाठींमध्ये एएलके या जनुकाचा बदल सापडला. त्यात गुणसूत्राचा एक तुकडा उलटा जोडला जाऊन दोन जनुकं एक होतात. त्यावरचं औषध २०११ मध्ये मंजूर झालं. केराससारख्या जनुकावर औषध सापडणारच नाही असं कित्येक दशकं मानलं जायचं, आणि २०२१ मध्ये त्याच्या एका प्रकारावर अमेरिकेत पहिलं औषध मंजूर झालं.

ईजीएफआर आणि एएलकेचे बदल न ओढणाऱ्यांच्या गाठींमध्ये जास्त सापडतात, केराससोबत बहुधा सिगारेटचा इतिहास असतो. हे बदल गाठीतले असतात, माणसाच्या इतर पेशींमधले नाहीत. गोळीने गाठ आटोक्यात आली तरी काही महिन्यांनी किंवा वर्षांनी ती पुन्हा वाढू शकते, कारण तिच्या पेशींतही नव्या चुका होतच असतात. सुरुवातीच्या गोळ्यांनंतर साधारण निम्म्या रुग्णांत 'टी७९०एम' हा बदल येतो, आणि त्यासाठी ओसिमर्टिनिब ही गोळी आली.

याच टी७९०एमपाशी घराण्याच्या प्रश्नाचं एक खरं टोक सापडतं. उपचारांनंतर तो दिसला तर अपेक्षितच आहे. कुठलीही गोळी सुरू करण्याआधी, पहिल्याच रिपोर्टात तो ठळकपणे दिसला, तर मात्र तो जन्मजात असण्याची शक्यता तपासावी लागते. क्वचित काही कुटुंबांत तो वारशाने चालत येतो. असाच दुसरा इशारा म्हणजे बदल सापडलेल्या प्रतींचं प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास असणं, कारण जन्मजात बदल दोनपैकी एका प्रतीत असतो. हा इशाराच, पुरावा नव्हे. खात्री करायची तर गाठीचा नाही, रक्ताचा किंवा लाळेचा नमुना जन्मजात बदलांसाठी म्हणून वेगळा तपासावा लागतो. फार कमी वयात झालेला कॅन्सर, एकाच माणसाला दोन वेगळे कॅन्सर, किंवा घरात तरुणपणी निरनिराळे कॅन्सर झालेले अनेक जण, यांपैकी काही असेल तर जनुकीय समुपदेशकाकडे जाण्यात अर्थ आहे. तसं काहीच नसताना सगळ्या भावंडांची 'कॅन्सर जीन टेस्ट' करत सुटण्यात पैसा जातो, आणि अर्थ न लागणारे निकाल हातात येऊन झोप उडते ते वेगळंच.

घरातल्यांनी पैसा आणि काळजी जिथे लावावी ती जागा दुसरी आहे. ओढणाऱ्याने सोडणं. मघाच्या ब्रिटिश हिशेबात ६०व्या वर्षी सोडणाऱ्यांची जोखीम १६वरून १० टक्क्यांवर आली, ५०व्या वर्षी सोडणाऱ्यांची ६वर, ४०ला ३ आणि ३०ला २. २०२० मध्ये केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूट आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी माणसांच्या श्वासनलिकांतल्या एकेका पेशीचं जनुकवाचन केलं. सोडलेल्यांमध्ये ४० टक्क्यांपर्यंत पेशी न ओढणाऱ्यांसारख्या, जवळजवळ निर्दोष निघाल्या. ओढत राहिलेल्यांच्या चौपट. कुठेतरी धुरापासून बचावलेल्या मूळ पेशी असाव्यात आणि सिगारेट थांबल्यावर त्याच वाढून जागा भरत असाव्यात. 'आता सोडून काय उपयोग' याला यापेक्षा नेमकं उत्तर नाही. सोडण्याऐवजी जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेण्याचा मार्ग मात्र धोक्याचा आहे: फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपानी पुरुषांवर केलेल्या चाचणीत बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढला. १९९४ साली हा निकाल आला तेव्हा चाचणी करणारेही चक्रावले होते.

फुप्फुसाच्या आतल्या भागात दुखण्याची जाणीव नसते, म्हणून गाठ बरीच मोठी होईपर्यंत चाहूल लागत नाही. तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला किंवा नेहमीपेक्षा वेगळा वाटणारा खोकला, थुंकीत रक्त, कारण नसताना घटणारं वजन, बसलेला आवाज, खांद्यात उतरणारी कळ, किंवा फुप्फुसाच्या त्याच जागी पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया. यातलं बरंचसं क्षयरोगातही होतं, आणि क्षयाची औषधं चालू असताना कॅन्सरचे महिने वाया जातात. क्षयाचे जंतू सापडलेले नसतील आणि औषधांनी फरक पडत नसेल, तर पुढची तपासणी मागून घ्यावी.

लक्षणं नसताना करायच्या तपासणीत छातीचा साधा एक्स-रे उपयोगाचा ठरत नाही. कमी मात्रेचा सीटी स्कॅन ठरतो. अमेरिकेत ५३ हजारांवर लोकांच्या चाचणीचा निकाल २०११ मध्ये आला. एक्स-रेच्या तुलनेत सीटी केलेल्यांमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. पण त्याच चाचणीत ज्या स्कॅनमध्ये काहीतरी संशयास्पद दिसलं, त्यातल्या ९६ टक्क्यांमध्ये कॅन्सर नव्हता. म्हणून ही तपासणी सरसकट नसते. अमेरिकेतल्या २०२१च्या शिफारशीत ती ५० ते ८० वयाच्या, रोज एक पाकीट याप्रमाणे किमान २० वर्षं भरतील एवढं ओढलेल्या, आणि अजून ओढणाऱ्या किंवा गेल्या १५ वर्षांत सोडलेल्यांसाठी दरवर्षी सांगितली आहे. रुग्णाचा तिशीतला, कधीही सिगारेट न ओढलेला मुलगा या व्याख्येत बसत नाही, वडिलांच्या रिपोर्टात ईजीएफआर लिहिलेलं असलं तरी.